ढेलजेतील सायकल : वऱ्हाडातील घरगुती सायकल-रक्षणाचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला)

प्रस्तावना

'बैल गेला नि झोपा केला' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे, की तिच्यातील 'झोपा' म्हणजे गोठ्याचे दार, हे आज अनेकांना सांगावे लागते. शेतकऱ्याची सर्वांत मोलाची जंगम मालमत्ता म्हणजे बैल. तो रात्री चोरीस जाऊ नये म्हणून गोठ्याला दार असावे, हा या म्हणीमागील व्यवहार. विसाव्या शतकात वऱ्हाडातील असंख्य घरांत बैलाच्या जोडीला, आणि शहरात तर बैलाच्या जागी, एक नवी जंगम मालमत्ता आली. ती म्हणजे सायकल. ती चारा खात नव्हती, आजारी पडत नव्हती. परंतु कोणीही तिच्यावर बसून पसार होऊ शकत होता. बैल परक्या माणसामागे सहज जात नाही. सायकलीला धनी ओळखता येत नाही. या एका फरकाने घरातील वस्तूच्या रक्षणाचा प्रश्न नव्याने उभा केला.

राज्ये, तह, चळवळी यांचा इतिहास वऱ्हाडात पुष्कळ लिहिला गेला आहे. सामान्य माणूस आपली सायकल रात्री कोठे ठेवीत होता, हा प्रश्न इतिहासलेखनात क्षुल्लक मानला जातो. वस्तुतः घराची रचना, शेजार, नगरपालिका, पोलीस आणि कायदा हे सर्व या एका प्रश्नात एकत्र येतात. प्रस्तुत निबंधात त्याचाच मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) वऱ्हाडातील मालमत्ता-रक्षणाच्या सामूहिक परंपरेचा थोडक्यात आढावा घेणे.
२) घराची रचना आणि सायकलीची सुरक्षितता यांचा संबंध तपासणे.
३) चोरीविषयक कायद्यात 'घर' या संकल्पनेला मिळालेल्या स्थानाचे विवेचन करणे.
४) बदलत्या नागरी जीवनात या अनुभवाचा काय उपयोग होऊ शकतो, ते पाहणे.

या अभ्यासासाठी जिल्हा दर्शनिका, फौजदारी कायद्यांच्या संहिता, जनगणनेचे अहवाल आणि जुन्या घरांचे प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला असून विवेचन वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीने केले आहे.

१. तट, वेस आणि जागल्या

अमरावती शहराचा परकोट हे मालमत्ता-रक्षणाचेच स्मारक आहे. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये या तटाच्या बांधकामास आरंभ झाला. सुमारे सव्वादोन मैल घेराच्या व वीस ते सव्वीस फूट उंचीच्या या दगडी तटाला पाच दरवाजे व चार खिडक्या होत्या, अशी नोंद दर्शनिकेत आढळते. अकोल्याचा असदगड हाही याच प्रकारच्या रक्षणव्यवस्थेचा भाग होता. इंग्रजी अमदानीत १८७० च्या सुमारास त्याची मोडतोड झाली. वेशीचा दरवाजा रात्री बंद झाला म्हणजे आतील प्रत्येक घर काही प्रमाणात सुरक्षित होई. रक्षणाची पहिली जबाबदारी अशा रीतीने एकट्या कुटुंबावर नसून गावावर होती.

खेड्यांत हीच जबाबदारी जागल्यावर असे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दख्खनमधील गावरक्षकाचे जे वर्णन केले आहे, त्यानुसार चोराचा माग काढीत जाणे आणि तो दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरल्यास माग त्या गावाच्या हवाली करणे हे त्याचे कर्तव्य होते. माग स्वीकारणाऱ्या गावाकडे पुढील जबाबदारी जाई. या व्यवस्थेची मुळे फार जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गावात मुक्काम केलेल्या व्यापाऱ्याचा माल चोरीस गेल्यास ग्रामप्रमुखाने भरपाई करावी, असे सांगितले आहे. हरवलेली किंवा चोरीस गेलेली वस्तू सापडत नसेल, तर त्या वस्तूचा व्यापार करणाऱ्यांस कळवावे. कळवूनही त्यांनी ती लपवली तर त्यांस चोराचे साथीदार समजावे, असाही तेथे नियम आहे. सायकलीच्या संदर्भात हा नियम किती व्यवहार्य आहे, याचा विचार पुढे येईल.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६७ मध्ये अकोला-बडनेरामार्गे नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचली. कापसाच्या व्यापाराबरोबर वस्ती तटाबाहेर पसरली. अमरावतीत कॅम्प, राजापेठ. अकोल्यात ताजनापेठ, रामदासपेठ, जठारपेठ हे भाग वाढले. या नव्या वस्त्यांना तट नव्हता, वेस नव्हती. शहराच्या रक्षणाचा भार पोलिसांकडे आणि घराच्या रक्षणाचा भार घरमालकाकडे गेला. वऱ्हाडात सायकल आली ती या स्थित्यंतराच्या काळात.

२. सायकलीचे आगमन आणि तिचे मोल

इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये समान चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यानंतर सायकल जगभर पसरली. भारतात स्वातंत्र्यापूर्वी बहुतांश सायकली विलायतेहून येत. रॅले, हर्क्युलस, बी.एस.ए., हंबर ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही आहेत. साहेब, वकील, डॉक्टर यांच्यापासून सुरू झालेला सायकलीचा प्रवास शिक्षक, टपालवाला, दूधवाला, सावतराम मिलसारख्या गिरणीत पाळीवर जाणारा कामगार यांच्यापर्यंत येऊन पोहोचला. अमरावतीत १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज निघाल्यावर विद्यार्थी हा सायकलीचा आणखी एक मोठा वर्ग तयार झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयात रोडावली, टायर-ट्यूब दुर्मीळ झाले आणि घरातील जुन्या सायकलीचे मोल वाढले. स्वातंत्र्यानंतर सोनीपतची ॲटलास, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टी.आय. सायकल्स आणि १९५६ पासून लुधियानाची हीरो यांनी देशी सायकल सर्वदूर पोहोचवली. तरीही सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ती सोन्यानाण्याखालोखाल मोलाची वस्तू राहिली. लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल यांची मागणी एका दमात केली जाई, यावरून तिची प्रतिष्ठा कळते. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील ४३.७ टक्के, तर २०११ च्या जनगणनेनुसार ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती.

व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ सालच्या 'बायसिकल थीव्ज' या इटालियन चित्रपटात सोडवून आणलेली गहाण सायकल चोरीस जाते आणि तिच्याबरोबर नोकरीही जाण्याची वेळ येते. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, तेव्हा भारतीय प्रेक्षकाला ती कथा परकी वाटली नाही, याचे कारण येथील वास्तव वेगळे नव्हते. ज्याची सायकल जाई, त्याची दुसऱ्या दिवसाची पाळी, दुधाचे रतीब किंवा शाळा यांवर गदा येई.

३. ढेलज, कोठा आणि सपरी

वऱ्हाडातील जुन्या वाड्याची रचना सायकलीसाठी केलेली नव्हती. तथापि ती सायकलीला विलक्षण अनुकूल ठरली. वाड्याच्या मुख्य दारातून आत शिरताच ढेलज लागते. रस्ता आणि अंगण यांच्यामधील ही छताची जागा. येथे पूर्वी पहारेकरी बसे, बैलगाडीचे सामान पडे, आल्यागेल्याची वर्दी घेतली जाई. सायकल आली ती थेट ढेलजेत. बाहेरचे दार दोन फळ्यांचे, जाड सागवानी; आतून आडवा अडसर, शिवाय कडी-कोयंडा. रात्री अडसर सरकवला की सायकलीला वेगळ्या कुलपाची गरज राहत नसे. ढेलजेतच घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची खाट असे. रात्री खोकणारा म्हातारा हा त्या घराचा सर्वांत विश्वासू पहारेकरी होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

खेड्यात सायकल कोठ्यात, बैलांशेजारी उभी राही. येथे तिला कुत्र्याचे व जनावरांचे अनायासे संरक्षण मिळे. कारण परका माणूस कोठ्यात शिरला की जनावरे उठतात, गळ्यातील घंटा वाजतात. सायकलीचे मागचे चाक दावणीच्या खुंट्याला साखळीने बांधण्याची पद्धतही याच विचारातून आली. बैलाचे दावे आणि सायकलीची साखळी यांत तत्त्वतः अंतर नव्हते.

अडचण होती ती सपरीवरच्या सायकलीची. लहान धाब्याच्या घराला किंवा भाड्याच्या खोलीला ढेलज नसते. असते ती पुढची उघडी सपरी. खोलीत चार-सहा माणसे झोपत असताना सायकल आत घेणे कठीण, आणि सपरीवर ठेवावी तर रस्त्यावरून हात पोहोचतो. यावर लोकांनी आपल्या परीने उपाय शोधले. कोणी सायकल सपरीच्या खांबाला बांधी, कोणी खाटेच्या पायाला साखळी अडकवून त्याच खाटेवर झोपे. कोणी रात्री मुद्दाम हवा सोडून ठेवी, तर कोणी सीट काढून उशाशी घेई. चोराला सायकलीवर बसून पळता येऊ नये, तिला खांद्यावर उचलून न्यावे लागावे आणि त्यामुळे तो लोकांच्या नजरेत यावा, हे या उपायांमागील सूत्र होते. चोरीला वेळ लागावा आणि चोर दिसावा, हीच रक्षणाची दोन मूलतत्त्वे होत. आजच्या कोणत्याही यंत्रणेतही तीच आढळतात.

यावरून असे दिसून येते की सायकलीची सुरक्षितता ही मुळात घराच्या ऐपतीशी निगडित होती. वाड्यातील सायकल वाड्याच्या भिंतींमुळे सुरक्षित राहिली. मजुराची सायकल, जिच्यावर त्याचे पोट अवलंबून होते, ती सर्वांत उघडी राहिली.

४. कुलूप, नाव आणि बिल्ला

घराच्या भिंती अपुऱ्या पडल्या तेथे कुलूप आले. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला. अलीगढची कुलपे तर बाजारोबाजारी मिळत. सायकलीला प्रथम साधी साखळी व लोंबते कुलूप लावीत. पुढे मागच्या चाकाजवळ फ्रेमला कायम बसवलेले, चाकाच्या तारांमधून दांडी फिरवून बंद होणारे गोल कुलूप रूढ झाले. या कुलपाचा गुण म्हणजे ते विसरत नाही. दोष म्हणजे ते सायकलीला कशाशीही बांधत नाही. कुलूपबंद सायकल उचलून नेता येते. म्हणूनच घरी ठेवलेल्या सायकलीला गोल कुलूप आणि साखळी अशी दोन्ही बंधने असावीत, हा अनुभवाचा निष्कर्ष जुन्या सायकलदुरुस्तीवाल्यांच्या तोंडून नेहमी ऐकू येतो.

दुसरा उपाय ओळखीचा. सायकली भाड्याने देणारे दुकानदार मडगार्डवर व चेनकव्हरवर दुकानाचे नाव आणि क्रमांक ठळक रंगवीत. गावभर फिरणारी ती सायकल कोणाची आहे हे लपत नसे, त्यामुळे ती विकणे अवघड होई. घरोघरी याचेच अनुकरण झाले. मालकाचे नाव, कधी गावाचे नाव, कधी देवाचे नाव मडगार्डवर आले. कारखान्यात फ्रेमवर ठोकलेला क्रमांक ही तर सायकलीची जन्मखूणच. परंतु रंग खरवडता येतो. क्रमांक मात्र घासला तरी घासल्याची खूण राहते.

तिसरा उपाय सरकारी कागदाचा होता. मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्याने वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार नगरपालिकांना होता. सायकलीचा वार्षिक कर भरला की धातूचा बिल्ला मिळे व तो सायकलीला लावावा लागे. लोक या कराला कंटाळत. बिनबत्ती आणि डबलसीट यांच्याप्रमाणेच बिनबिल्ल्याच्या सायकलीलाही अडवले जाई. तथापि कर वसूल करण्यासाठी निर्माण झालेली ही नोंद अजाणतेपणी मालकीचा पुरावाही ठरत होती. कोणत्या क्रमांकाची सायकल कोणाची, हे नगरपालिकेच्या वहीत लिहिलेले असे. पुढे हा कर राज्यातील बहुतेक शहरांतून नामशेष झाला. त्याचे कोणाला दुःख झाले नाही. परंतु त्याबरोबर सायकलीची एकमेव स्थानिक नोंदही संपली, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मोटारसायकलीला नोंदणी आहे, सायकलीला नाही. चोराच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे.

५. कायद्याच्या नजरेतील घर

१ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेने चोरीचे दोन प्रकार वेगळे मानले. कलम ३७९ नुसार साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत, तर कलम ३८० नुसार मनुष्यवस्तीसाठी किंवा मालाच्या रक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. चोरी करण्यासाठी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घरफोडी केल्यास कलम ४५७ नुसार शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकत असे. आत शिरण्यासाठी कुलूप उघडणे हाही घरफोडीचा एक प्रकार होता. म्हणजे घराच्या दाराचे कुलूप तोडले तर गुन्ह्याचे स्वरूप बदलते. केवळ सायकलीचे कुलूप तोडले तर त्याने घरफोडी होत नाही.

मग ढेलज आणि सपरी यांचे काय? हा प्रश्न न्यायालयांपुढे फार पूर्वीच आला. कायद्याच्या भाष्यग्रंथांत नमूद केलेल्या जुन्या निर्णयांनुसार उघड्या ओसरीवरून किंवा गच्चीवरून झालेली चोरी ही 'इमारतीतील चोरी' नव्हे. परंतु भिंतींनी वेढलेली, मालाच्या रक्षणासाठी वापरली जाणारी प्रवेशाची जागा, तिच्या वाटांना दारे नसली तरीही, 'इमारत' मानली गेली. वऱ्हाडी भाषेत सांगावयाचे तर ढेलजेतील सायकल कायद्याच्या दृष्टीने घरात होती आणि सपरीवरील सायकल घराबाहेर. प्रत्येक प्रकरणात प्रत्यक्ष रचना पाहावी लागते हे खरे. तरी गरीब घराला भिंतीचे संरक्षण नव्हते आणि कायद्याचे वाढीव संरक्षणही मिळणे कठीण होते, ही बाब नजरेआड करता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ३०३ नुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी प्रथमच सिद्ध झाली व वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर सामाजिक सेवेची शिक्षा आहे. प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात अशी चोरी अदखलपात्र मानली आहे. घरातील चोरी मात्र कलम ३०५ नुसार पूर्वीप्रमाणेच सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र व दखलपात्र आहे. जुन्या, साध्या सायकलीची किंमत बहुधा पाच हजारांच्या आतच भरते. त्यामुळे सायकल नेमकी कोठे उभी होती, या प्रश्नाला आज अधिकच महत्त्व आले आहे. सपरी की ढेलज यावर पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतील की नाही, हे अवलंबून राहू शकते. पहिल्यांदा चुकलेल्या गरीब मुलाला तुरुंगाऐवजी सेवेची संधी मिळावी हा हेतू स्तुत्य आहे. पण ज्याची सायकल गेली तोही बहुधा गरीबच असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

६. संशयाचा इतिहास

चोरीच्या इतिहासात चोर जितका महत्त्वाचा, तितकाच संशयित. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. वस्तीतील एखादी वस्तू नाहीशी झाली की प्रथम भटक्या जमातींच्या पालांवर धाड पडावी, ही सवय या कायद्याने प्रशासनाला आणि समाजाला लावली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु फासेपारध्याच्या पालाजवळ सायकल दिसली की ती 'कोणाची' असे विचारणारी नजर रद्द झाली नाही. मालकीचा पुरावा नसणे हे एरवी कोणाही सायकलस्वाराचे वैगुण्य. पण खरेदीची पावती नसलेल्या पारध्याला त्याची जी किंमत मोजावी लागते, ती शहरातील सुस्थित माणसाला मोजावी लागत नाही. म्हणून सायकलीची नोंद ही मालकाच्या रक्षणासाठी जितकी आवश्यक आहे, तितकीच निरपराध माणसाच्या रक्षणासाठीही आहे.

७. वाड्याकडून सदनिकेकडे

१९८३ मध्ये अमरावती आणि २००१ मध्ये अकोला महानगरपालिका झाली. या काळात अनेक वाडे पडले, त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. ढेलजेची जागा तळमजल्यावरील वाहनतळाने घेतली. ही जागा सर्वांची असल्यामुळे कोणाचीच नाही. खोकणारा म्हातारा तिसऱ्या मजल्यावर गेला. शिट्टी वाजवीत, काठी आपटीत फिरणारा गुरखा काही वस्त्यांपुरता उरला. त्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. कॅमेरा चोर दाखवतो, अडवीत नाही.

दुसरीकडे शासनाने मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले. दूरच्या खेड्यातील मुलीची सायकल चोरीस जाणे म्हणजे केवळ एक वस्तू जाणे नव्हे. तिच्या शिक्षणाचा धागाच त्यामुळे तुटू शकतो. सायकल देण्याची योजना आखताना ती रात्री कोठे उभी राहणार, याचाही विचार व्हावयास हवा.

सापडलेल्या सायकलींचा प्रश्नही आहेच. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेला मुद्देमाल हे परिचित दृश्य आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्त वस्तू व वाहने ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नयेत, योग्य पंचनामा करून ती लवकर परत द्यावीत, असे स्पष्ट केले. परंतु परत मिळण्यासाठी सायकल आपली असल्याचे दाखवता आले पाहिजे, आणि येथेच क्रमांकाची नोंद नसलेला मालक हतबल होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वऱ्हाडात मालमत्तेच्या रक्षणाची जबाबदारी गावाकडून घराकडे आणि घराकडून व्यक्तीकडे सरकत गेली. सायकल हे या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण आहे.
२) घराची रचना हेच सायकलीचे पहिले कुलूप होते. ज्याच्या घराला ढेलज नव्हती, तो भिंतीच्या आणि कायद्याच्या अशा दोन्ही संरक्षणांत मागे राहिला.
३) बिल्ला संपल्यानंतर सायकलीच्या मालकीची सार्वजनिक नोंद उरली नाही. त्यामुळे चोराचे फावले आणि निरपराधावरील संशय बळावला.
४) फ्रेमचा क्रमांक व पावती घरी जपणे, सायकल दाराच्या आत व स्थिर वस्तूला साखळीने बांधून ठेवणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. चोरी झाल्यास तो क्रमांक पोलिसांबरोबरच सायकलदुरुस्तीवाले व भंगारवाले यांनाही कळवावा. कौटिल्याने सांगितलेला उपाय आजही लागू पडतो.
५) महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यांच्या सायकलींचे क्रमांक नोंदवून घेतल्यास नाहीशी झालेली नोंद काही अंशी पुन्हा उभी राहील. यासाठी कर नको, बिल्ला नको. एक वही पुरेशी आहे.

अमरावतीच्या परकोटाचे दरवाजे आता रात्री बंद होत नाहीत आणि ते पुन्हा बंद व्हावेत असेही कोणी म्हणणार नाही. मात्र तटाच्या आत असताना एकाचे रक्षण हे सर्वांचे काम होते, ही जाणीव त्या दगडांबरोबर पडू देण्याचे कारण नव्हते. सायकल गेल्यावर साखळी आणणारे आपण सारेच, बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याचे वंशज आहोत. निदान तो झोपा शेजाऱ्याच्या सायकलीपुरता तरी वेळेवर व्हावा, एवढीच अपेक्षा.